भिजलेल्या पिकअपमध्ये शेगडी पेटवू नका

पुराचं पाणी ओसरलं की एक मेसेज ग्रुपमागून ग्रुप फिरतो. थोडक्यात तो असा: "पिकअपमध्ये पाणी शिरलं? मेकॅनिकला हजारो रुपये देऊ नका. १) काचा घट्ट लावून गाडी दोन दिवस उन्हात ठेवा, आतल्या गरमीने पाणी उडून जाईल. २) रात्री केबिनमध्ये कोळशाची किंवा लहान गॅसची शेगडी पेटवून दारं लावा. ३) सीटवर दहा किलो तांदूळ आणि जाडं मीठ पसरा, ओल ओढून घेईल. ४) गाडी लगेच सुरू करून हीटर फुल ठेवा. ५) वास आला तर फिनाईल मारा, कापूर ठेवा. पुढे पाठवा, गरिबाचं भलं होईल."

माझा मामेभाऊ ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठच्या गावात राहतो. धान आणि भाजी वाहायला त्याच्याकडे जुनी पिकअप आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर संजय सरोवर आणि गोसेखुर्द या धरणांचं पाणी सुटलं तो पूर या भागाने पाहिलेला आहे, त्यामुळे पाण्याला ही माणसं घाबरत नाहीत. यंदा पाणी सीटच्या वर गेलं. त्याचा फोन आला तेव्हा शेगडी केबिनमध्ये नेऊन ठेवलेली होती. "मेसेजमध्ये आहे ना भाऊ, काचा लावून पेटवतो." म्हणून मी दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो. बाकीचे मुद्दे गाडी खराब करतात, हा मुद्दा माणूस मारतो.

कोळसा बंद जागेत जळतो तेव्हा त्याला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन या वायूला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मग मळमळ, मग अशी गुंगी येते की दाराचं हँडल ओढायलाही हात उठत नाही. लहान पिकअपचं केबिन म्हणजे दोन-अडीच घनमीटर जागा, तिथे एक शेगडी खूप झाली. "गाडीत कोण बसणार आहे?" असं कोणी विचारेल. पुरानंतरचं गाव पाहिलेला माणूस हे विचारणार नाही. घरात गुडघाभर चिखल असतो, खाटा भिजलेल्या असतात, आणि कोरड्या जागी उभी असलेली गाडी पाहून पोरंसोरं तिच्यातच शिरतात. शिवाय सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो. वरचं रेग्झीन सुकलं आणि ठिणगी पडली, तर त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही असतं.

गॅसच्या शेगडीचं तर आणखी नवल. स्वयंपाकाचा गॅस जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. म्हणजे गाडी सुकवायला म्हणून जी शेगडी लावली, ती बंद केबिनमध्ये पाणीच सोडत बसते! हिवाळ्यात स्वयंपाकघर बंद असलं की काचांवर थेंब जमतात, त्यात या पाण्याचाही वाटा असतो. हे कुणाही शाळामास्तराला विचारलं असतं तरी कळलं असतं. पण विचारण्याच्या आधी पुढे पाठवण्याची घाई.

आता ऊन. यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. उन्हाने पाणी उडतं, पण ते जायचं कुठे? ५० अंशाला तापलेल्या हवेत घनमीटरमागे सुमारे ८३ ग्रॅम पाणी मावतं. अडीच घनमीटरचं केबिन धरा, हिशेब होतो दोनशे ग्रॅम, म्हणजे एक ग्लास. सीटचा फोम आणि रबरी मॅटखालचा फेल्ट, म्हणजे जाड कापडासारखा थर, काही लिटर पाणी धरून असतो. तो ग्लासभर वाफ होतो, रात्री गाडी थंड झाली की काचांवर आणि छताला थेंब होऊन परत खाली येतो. काचा बंद ठेवून दोन दिवस तुम्ही तेच पाणी वरखाली करता. काचा आणि दारं सताड उघडी ठेवली आणि वारा असला, तरच उन्हाचा उपयोग. आणि श्रावणात आपल्याकडे ऊन तरी किती वेळ असतं?

दोन दिवस थांबणं तसंही परवडत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, ईपीएचा, साधा नियम आहे: भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकवली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. तो नियम घरांसाठी लिहिलेला आहे, पण फोम तो फोमच. मेसेज सांगतो ते दोन दिवस म्हणजे नेमके बुरशीला लागतात ते दोन दिवस.

खरं काम कष्टाचं आहे, पण महाग नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सीट बोल्टवर असते, पाना घेऊन ती पूर्ण बाहेर काढा. हात घालण्याआधी काठीने खाली तपासा, पुरात साप-विंचू कोरडी जागा शोधत येतात. मग रबरी मॅट उचला, आणि हीच गोष्ट लोक करत नाहीत. मॅट वरून पुसली की कोरडी दिसते, पण खालचा फेल्ट पत्र्याला चिकटून महिनोन् महिने ओला राहतो आणि पत्रा खालून कुजतो. फेल्ट चिखलाने भरला असेल तर फेकाच, नवा टाका. फ्लोअरच्या पत्र्याला रबरी बूच असतात, ते काढून पाणी खाली सोडा. दारांच्या खालच्या कडेची बारीक भोकं गाळाने बुजलेली असतात, तीही मोकळी करा. काळ्या मातीचा गाळ आधी स्वच्छ पाण्याने धुवा. गाळ तसाच ठेवून सुकवलं तर पुढच्या दमट हवेत तो पुन्हा ओल धरतो.

मग वारा. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घरी कूलर असतो आणि पावसाळ्यात तो कोपऱ्यात पडलेला असतो. त्यात पाणी न घालता, जाळ्या काढून नुसता पंखा एका दारातून आत सोडा आणि समोरचं दार उघडं ठेवा. कूलर कोरड्या जागी ठेवा, वायर चिखलात नको. सीटचं कव्हर काढून फोम उभा करून ठेवा. फ्लोअर सुकला का हे बघायला कोरडा वर्तमानपत्राचा कागद रात्रभर पत्र्यावर दाबून ठेवा. सकाळी तो कोरडा निघाला तरच मॅट परत टाका. दाराच्या उंबऱ्याखालून जाणाऱ्या वायरिंगचे कनेक्टर उघडून इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घ्या, नाहीतर दोन-तीन महिन्यांनी त्यांना हिरवा थर चढतो आणि लाइट एकेक करून बंद पडतात.

तांदळाबद्दल धान पिकवणाऱ्यांना काय सांगायचं? खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा १७ टक्क्यांवर गेला की परत पाठवतात, ते दुःख आपल्याला माहीत आहे. तांदूळ ओल घेतो हे खरं, पण दहा किलोने दोन-तीन टक्के घेतली तरी दोन-तीनशे ग्रॅम होते, आणि तांदूळ वाया. मीठ त्याहून वाईट. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती अनेकदा असतेच, मग ते खारं पाणी सीटमधून पत्र्यावर ठिबकतं आणि गंज वाढवतं.

फिनाईल आणि कापूर वास झाकतात, ओल तशीच राहते.

राहिला चौथा मुद्दा, आणि पैशाने सगळ्यात महाग तोच. एअर फिल्टरपर्यंत पाणी गेलं असेल आणि तुम्ही स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये पाणी येतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टर काढून बघा, डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलं असेल, तर किल्ली फिरवूच नका, टो करून न्या. इंजिन तपासून झालं की मग काचा उघड्या ठेवून हीटर लावा, शेवटची ओल काढायला त्याचा उपयोग होतो. विमा फक्त थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर गाडी हलवण्याआधी पाण्याच्या खुणेचे फोटो काढा आणि कंपनीला कळवा. पाण्यातून काढलेली गाडी सुरू करायला गेल्यामुळे इंजिन फुटलं, तर विम्यात इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसताना तो दावा बहुधा नाकारला जातो.