सैतान 'पॅरडाइज लॉस्ट'चा नायक आहे का?

'स्वर्गात चाकरी करण्यापेक्षा नरकात राज्य केलेलं बरं' ही ओळ इंग्रज कवी जॉन मिल्टनचं स्वतःचं मत म्हणून फिरते आहे. तिच्या आधारे त्याच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याचा नायक सैतानच, असंही ठासून सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. ओळ काव्यातलीच, पण पहिल्या सर्गातल्या सैतानाच्या तोंडची. तो नुकताच देवाविरुद्धचं युद्ध हरून नरकात पडला आहे.

चौथ्या सर्गात एकटा असताना तोच कबूल करतो की, जिकडे जावं तिकडे नरक, मीच नरक. आणि दहावा सर्ग (1674च्या बारा सर्गांच्या आवृत्तीतला) तर मुळातून वाचाच. आदाम-हव्वेला फसवून तो थाटात परततो, अनुयायांपुढे भाषण ठोकतो, टाळ्यांची वाट पाहतो. कानावर येतात फूत्कार! त्याचे हात बरगड्यांना चिकटतात, पाय एकमेकांत पिळले जातात, तो साप होऊन पोटावर कोसळतो. सोबतीही साप. फळं चावावीत तर तोंडात राख.

सैतानाची भाषणं दिपवून टाकतात, यात शंका नाही. कवी विल्यम ब्लेकनेही मिल्टनला नकळत सैतानाच्या पक्षाचा म्हटलं होतं. पण ते ब्लेकचं मत. मिल्टनच्या नावावर ते खपवू नये.