टॉर्च मारून इन्सुलिन? काका, थांबा जरा

फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. सोन्याचे नॅनोकण पोटात घ्या, वरून मोबाईलचा टॉर्च मारा, औषधी प्रोटीन थेट पेशीत, इन्सुलिनची सुई कायमची बंद, कॅन्सरही बरा, आणि शेवटी ठरलेलं, "हे आपल्या सुवर्णभस्मात होतंच". काकांनी त्यावर पाच नमस्कार टाकलेत म्हणून लिहितेय.

आधी इन्सुलिन, कारण हे वाचून कोणीतरी खरंच डोस चुकवेल. इन्सुलिनला पेशीच्या आत जावंच लागत नाही हो, ते बाहेरच्या रिसेप्टरला चिकटतं, दारावरची बेल वाजवल्यासारखं, की काम झालं. ज्या प्रोटीनचं काम पेशीच्या आत असतं त्यांना सोन्याच्या कणांवरून आत पोचवायचा हा सगळा खटाटोप लॅबमध्ये चाललाय.

आता टॉर्च. अंधारात टॉर्चवर तळहात दाबून बघा, नुसता तांबडा उजेड दिसेल कारण निळा-हिरवा रक्तातच शोषला जातो, आणि हाडं काही दिसणार नाहीत कारण आत प्रकाश विखुरतो. सांता बार्बराला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॅबमध्ये त्यासाठी प्रोटीन बांधलेले सोन्याचे पोकळ कण वापरले, त्यांना साधारण 800 नॅनोमीटरचा, डोळ्याला न दिसणारा लेसर लागतो, तोही फेमटोसेकंदाच्या, म्हणजे सेकंदाच्या अतिशय बारीक तुकड्याएवढ्या, झटक्यांनी. तुमच्या फोनमध्ये असलं काही नसतं.

आणि खरी गंमत तर मेसेजमध्ये आलेलीच नाही. पेशी कण गिळते तेव्हा तो एका पिशवीत अडकतो, एंडोसोम म्हणतात तिला, आणि तिथून सुटला नाही तर प्रोटीन पुढे पचूनच जातं. लेसर पडला की प्रोटीन कणापासून सुटतं, कणाभोवती बारीक बुडबुडे उठतात, पिशवी फाटते आणि प्रोटीन पेशीत मोकळं होतं. म्हणजे उजेड नुसता स्विच नाही, तो पिशवीही फोडतो. मला तर हेच सगळ्यात भारी वाटतं.

कॅन्सरचं म्हणाल तर सोन्याचे नॅनोशेल, म्हणजे सोन्याचं कवच असलेले बारीक कण, माणसांत वापरलेत, प्रोस्टेटच्या 16 पेशंटचा रिपोर्ट 2019 मध्ये आला, पण त्यात प्रोटीन नव्हतंच, गाठ तापवून मारली, आणि त्यासाठी लेसरची फायबर थेट प्रोस्टेटमध्ये घातली. सुई काही सुटली नाही!

राहिलं भस्म. सोनं आहे, मान्य, पण त्यावर प्रोटीन कुठे बांधलंय? आणि समजा बांधलं नि गिळलं, तर पोटात त्याचं तेच होणार जे वरणातल्या प्रोटीनचं होतं.