थर्मोस्टॅट काढून जुन्या गाडीचं दुखणं जात नाही

उन्हाळा चढला की जुन्या गाड्यांसाठीचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचं सांगणं थोडक्यात असं : गाडी गरम होत असेल आणि उभी असताना थरथरत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून फेका, कूलंटऐवजी साधं पाणी भरा, फॅन डायरेक्ट करा (म्हणजे सतत चालू राहील असा थेट जोडा), आयडलचा (गाडी उभी असतानाच्या इंजिनाच्या वेगाचा) स्क्रू वाढवा आणि पाणी उकळलंच तर झाकण उघडून गार पाणी ओता. यातल्या बहुतेक उपायांनी दोन दिवस बरं वाटतं, म्हणूनच ते धोक्याचे आहेत. तेवढ्यात खरा बिघाड हेडपर्यंत, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागापर्यंत, पोचतो. मारुती ८००, ओम्नी, जुनी सँट्रो अशा पेट्रोल गाड्या समोर ठेवून एकेक मुद्दा पाहू.

“थर्मोस्टॅट काढा.” बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट गाडी उकळवतो, हे खरं. पण तो अडकलाय का, हे घरच्या गॅसवर कळतं. पातेल्यातल्या पाण्यात तो दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. उघडला नाही तर नवा बसवा. काढूनच टाकला, तर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीचं इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचायला फार वेळ घेतं. पाण्याचा सेन्सर ‘इंजिन थंड आहे’ असंच कळवत राहतो, ईसीएम (इंजिन सांभाळणारा संगणक) पेट्रोल जास्त सोडतो, प्लग काळे पडतात आणि जी थरथर घालवायची होती तीच वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याची खालची तबकडी बायपासची वाट बंद करते. ती तबकडीच गेली की तापलेल्या पाण्यातला काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो. अशी गाडी घाटात आधीपेक्षा जास्त तापते.

“साधं पाणी पुरे.” नुसतं पाणी उष्णता कूलंटपेक्षा चांगली वाहून नेतं, हे मान्य. पण ते गंज थांबवत नाही, आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. त्यात बोअरवेलचं जड पाणी असेल तर रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात. मग रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करा नाहीतर रेडिएटर बदला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. डबा आधीच पाणी मिसळलेला असेल तर वर आणखी पाणी घालू नका. रंगावरून प्रकार ठरवू नका, डब्यावरचं वाचा.

या संदेशात रेडिएटरचं झाकण तपासण्याचा उल्लेखही नाही, याचं वाईट वाटतं. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं नुसतं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर चिरलं की हा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. घाट चढून वर पोचल्यावरच उकळणाऱ्या गाडीचं झाकण आधी बदलून पाहा, सगळ्यात स्वस्त उपाय तोच आहे.

“फॅन डायरेक्ट करा.” आधी गाडी कधी तापते ते बघा. सिग्नलला तापते आणि रस्त्याला लागली की काटा उतरतो, तर दोष फॅनचा : फ्यूज, रिले, फॅन स्विच, मोटर, याच क्रमाने तपासा. वेगात किंवा चढावर तापते, तर फॅनचा संबंध कमी. रेडिएटर तुंबलाय, वॉटर पंप झिजलाय किंवा खालचा पाईप आत चेपतोय. दोन्हीकडे तापत असेल तर पाण्याची पातळी, थर्मोस्टॅट आणि हेड गास्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यातलं सील) तपासा. रिलेशिवाय ओढलेली फॅनची वायर तापते, आणि आयडलला अल्टरनेटरवर सतत भार राहिल्याने अशक्त इंजिनाचे आरपीएम आणखी पडतात.

“आयडलचा स्क्रू वाढवा.” कार्ब्युरेटरच्या गाडीत स्क्रूने आरपीएम वाढतील, पण मिसिंग (एखाद्या सिलिंडरचं नीट न पेटणं) फक्त झाकलं जाईल. एमपीएफआयमध्ये आयडल ईसीएम सांभाळतो; थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवलात तर नवा घोळ सुरू. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर सुटला की सगळी बॉडी हलते, म्हणून आधी तो कोणता ते शोधा. एमपीएफआयमध्ये एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच बंद आहे. मग त्याचा प्लग, वायर, कॉम्प्रेशन पाहा. सगळेच सिलिंडर अशक्त वाटले, तर थ्रॉटल बॉडी साफ करा आणि व्हॅक्यूमचे जुने रबरी पाईप हाताने वाकवून चिरा शोधा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना आळीपाळीने वीज वाटणाऱ्या भागाच्या) गाडीत टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही, तपासा : ते मागे पडलं की आयडल बिघडतो आणि इंजिनही तापतं.

थरथर आणि ताप एकत्र असतील तर हेड गास्केटची शंका घ्यावीच लागते. सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद मिसिंग होऊन मग इंजिन सुरळीत चालतं का? रात्रीत सिलिंडरमध्ये पाणी झिरपल्याची ती खूण असू शकते. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून स्टार्ट करा : पाण्यात बुडबुडे येतच राहिले, किंवा झाकण लावल्यावर मिनिटभरात वरचा पाईप टणक झाला, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. ऑइलच्या झाकणाखालचा पांढरट साय मात्र एकटी पुरावा नाही. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्यांनीही ती जमते. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर मात्र गाडी चालवू नका. हेड उतरवलंच तर नुसतं गास्केट बदलून बसवू देऊ नका. स्ट्रेट-एज आणि फीलर गेजने सपाटी मोजायला लावा, मर्यादा साधारण ०.०५ मिमी असते. जास्त वाकलं असेल तर फेसिंग (हेडचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घ्या.

“झाकण उघडून गार पाणी ओता.” हे अजिबात करू नका. दाब सुटताच उकळतं पाणी तोंडावर येतं, आणि तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं की तडा जाऊ शकतो. काटा चढताना दिसला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि गाडी बाजूला. वाफ निघत असेल किंवा बॅटरीचा दिवाही लागला असेल, तर इंजिन लगेच बंद करा. जुन्या छोट्या गाड्यांत बऱ्याचदा अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात, त्यामुळे दोन्ही खुणा एकदम दिसणं म्हणजे बेल्ट तुटल्याची शक्यता. किमान पाऊण तास थांबा. वरचा पाईप हाताला कोमट लागला की जाड कापड धरून झाकण हळू सैल करा.

पाणी किंवा कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढणं राहून जातं. गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा. थर्मोस्टॅट उघडून पातळी खाली जाईल तसं भरत राहा आणि बुडबुडे थांबले की झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, स्टार्ट करण्याआधी, रेडिएटर आणि कूलंटची बाटली दोन्हींची पातळी पुन्हा पाहा.