गाडीला हवा लागली

आमची गाडी एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बो पेट्रोल. विकणारा मुलगा 'टर्बो' हा शब्द इतक्यांदा म्हणाला की आईला ते त्याचं आडनावच वाटलं. तीन वर्षं ती मी कासारवडवली ते वागळे इस्टेट अशी सुखाने चालवली. खरं सांगायचं तर घोडबंदर रोडवर बहुतेक वेळ उभी केली. मग दिवाळीत पुण्याहून भाचा आला. तो एक चक्कर मारून आला आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांना घेतात तसं मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, गाडीचा श्वास कोंडतोय."

झालं. त्या रात्री माझाही कोंडला.

पुढचे पंधरा दिवस मी हवेचा अभ्यास केला. टर्बोचं तत्त्व तसं घरगुती आहे: सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूला जाता जाता एक काम सांगायचं. त्याच्या जोरावर एक चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. ठाणे स्टेशनात सकाळी फास्ट लोकलच्या दारातला शेवटचा माणूस जसा आत जातो, अगदी तसं. कोंबली की हवा तापते (लोकलमध्येही तापतेच), म्हणून वाटेत तिला गार करायला इंटरकूलर. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. मी हिशेब मांडला, तर लिटरमागे नऊ-एक घनमीटर निघाली. आमच्या स्वयंपाकघरातली जवळजवळ सगळी.

"मग टाकी फुल करू नकोस," आई म्हणाली.

आता इंजिनात हवा घेणारा फिल्टर आणि नळी बदलायची, तर सेटअप कुठला घ्यायचा? भाच्याच्या मते खरा सेटअप म्हणजे लांब नळी आणि फिल्टर खाली बंपरच्या मागे, तिथली हवा सगळ्यात गार. पुण्यात असेल. ठाण्यात जुलैमध्ये वंदना टॉकीजपाशी तिथे हवा नसते, पाणी असतं. हवा दाबता येते, पाणी दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीच्याच एअर फिल्टरच्या डब्यात बसणारा, तेल लावलेला कापडी फिल्टर हा सभ्य माणसाचा पर्याय होता. पण तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं, आणि आमच्या घरात कुठल्याच तेलाचा हात आखडता नाही. शिवाय तो बाहेरून दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर पैसे टाकायला मी काय विमा काढत होतो?

शेवटी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन लालभडक शंकूचा उघडा फिल्टर आणला. सोबत चकचकीत पाइप, निळे सिलिकॉनचे होस, चार क्लॅम्प. दुकानदार म्हणाला, "आवाज सुनना साहब, आवाज." पिकअपबद्दल तो काही बोलला नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडलं. उघडलेलं बोनेट आणि फुटलेली पाइपलाइन, सोसायटीत यापेक्षा जास्त गर्दी फक्त सर्वसाधारण सभेच्या नाश्त्याला होते. दुसऱ्या मजल्यावरचे काका मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ घेऊनच खाली आले. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही म्हणे. मी म्हटलं, "काका, आरसी बुकात हवेचा रकाना नाही." ते वर गेले आणि चष्मा घेऊन परत आले.

जुना डबा निघाला. मग दहा नंबरचा पाना हरवला. आठ होता, बारा होता, दहा नव्हता. वॉचमनने टॉर्च मारला, काकांनी मला उठवून बसवून पाहिलं. तो निघाला काकांच्याच खिशातून, "हरवू नये म्हणून ठेवला होता." तेवढ्यात एक क्लॅम्प हातातून सुटला आणि टण्, टण्, टुक् करत इंजिनाच्या पोटात गेला. खाली पडल्याचा आवाज मात्र आला नाही. तो आजतागायत तिथेच कुठेतरी आहे. उरलेल्या तिनांवर भागवलं, तर होस सैल राहिला, सेन्सरला चुकवून हवा आत शिरली आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. वाण्याकडून क्लॅम्प मिळाला. गॅसच्या नळीचा.

दुपारी दोनला पहिली चक्कर. ॲक्सिलरेटर दाबला की सूंऽऽ, सोडला की फिस्स. अंगावर काटा आला. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "हिला सर्दी झालीये रे. रात्री वाफ दे."

वाफेची गरजच नव्हती. भाच्याने पाठवलेलं यंत्र लावून पाहिलं, तर मानपाड्याच्या सिग्नलला आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६४ अंश! जुना डबा ग्रिलमागून, बाहेरची हवा घेत होता. माझा लाल शंकू बोनेटखाली इंजिनाच्याच शेजारी बसून त्याचाच उच्छ्वास हुंगत होता. गरम हवा विरळ, म्हणजे ताकदही कमी. आणि टर्बोला जागं व्हायला साधारण दोन हजार आरपीएम लागतात. पातलीपाडा ते कापूरबावडी माझा काटा आठशेवर झोपलेला असतो.

आठ दिवसांनी जुना डबा शोधायला निघालो. माळ्यावर नव्हता. आईने तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता, लसणाने भरून.

"इतका छान हवेशीर आहे," ती म्हणाली. "आणि तू म्हणत होतास यातून हवा जात नाही."

लसूण परडीत गेला, डबा गाडीत. मार्चमध्ये सर्व्हिसिंगला टाकली. ॲडव्हायझरने डबा उघडला, फिल्टर उचलून उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग जॉबकार्डवर काहीतरी लिहून माझ्याकडे सरकवलं.

'फिल्टर ओके. खालच्या बाजूला लसणाची सालं. कस्टमरला कळवले.'