जो माऊरने गावाला लुबाडलं नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेसबॉलचा विषय निघाला की तिथल्या ट्विन्स संघाचा माजी खेळाडू जो माऊर याच्याबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "घरचा पोरगा म्हणून ट्विन्सने डोक्यावर घेतला, १८.४ कोटी डॉलर मोजले, आणि पैसे मिळताच तो ढेपाळला. नाजूकच होता." मला यातलं काहीच पटत नाही.

माऊर सेंट पॉलचा, संघ शेजारच्या मिनीॲपोलिसचा. २००१ मध्ये ट्विन्सने नवोदितांतून सगळ्यात आधी त्याला निवडलं, तेव्हा मार्क प्रायरसारखा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सोडला म्हणून ओरड झाली. प्रायर गुणीच होता, पण दुखापतींनी त्याला गाठलं आणि २००६ नंतर तो मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळला नाही. त्याच २००६ मध्ये माऊर ०.३४७ च्या सरासरीने, म्हणजे शंभर संधींत सुमारे ३५ यशस्वी फटके मारून, मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज ठरला. कॅचरने, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकाच्या जागी खेळणाऱ्याने, त्या लीगमध्ये हे कधीच केलं नव्हतं. माऊरने तीनदा केलं. गाव बघून निवडला असेलही, पण निवड चुकली कुठे?

आता पैसे. करार २०११ पासूनचा. ते वर्ष पायांच्या दुखण्यात गेलं, हे मान्य. पण पुढे २०१२ मध्ये ०.३१९ आणि २०१३ मध्ये ०.३२४. याला ढेपाळणं म्हणत नाहीत.

घसरण सुरू झाली ती १९ ऑगस्ट २०१३ नंतर. कॅचर फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो. बॅटची निसटती कड घेतलेला चेंडू हात हलवायच्या आत तोंडावर येतो. त्या दिवशी तो माऊरच्या मुखवट्यावर आदळला. जाळीने चेहरा वाचतो, आतला मेंदू हादरतोच. त्याचं कॅचिंग सुटलं, तो फर्स्ट बेसवर, म्हणजे पहिल्या तळावरच्या क्षेत्ररक्षकाच्या जागी, गेला. चेंडू धूसर दिसत असताना आपण खेळत होतो, हे त्याने २०१६ मध्ये सांगितलं. तोवर प्रेक्षकांची हुर्यो मुकाट्याने ऐकली. याला नाजूक म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

३० सप्टेंबर २०१८, त्याचा शेवटचा सामना. नवव्या डावात तो पाच वर्षांनी पॅड, छातीचं कवच आणि मुखवटा चढवून बाहेर आला. अख्खं मैदान उभं राहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. तो होम प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाच्या मागच्या आपल्या जुन्या जागी, उकिडवा बसला, एक चेंडू झेलला आणि बाहेर गेला.