जड म्हणून कमी वळतं? एका आक्षेपाला सविस्तर उत्तर

नमस्कार. रिकॉइल सेपरेटरवरच्या (माऱ्यातून जन्मलेली नवी केंद्रकं बाकीच्या कणांतून वेगळी काढणारं यंत्र) माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. चुंबकात जड केंद्रक कमी वळतं आणि हलकं जास्त, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं, मग या यंत्राचं एवढं कौतुक कशाला? निर्वात ठेवायच्या नळीत हेलियम भरणं म्हणजे हाताने घाण करून घेणं. आणि ११३ व्या मूलद्रव्याचे नऊ वर्षांत तीन अणू मिळाले, याला शोध म्हणायचं? भाषा बोचरी आहे, पण आक्षेप मुद्द्याचे आहेत.

पहिल्यात गफलत आहे. चुंबकातल्या वळणाची त्रिज्या ठरते संवेग (वस्तुमान गुणिले वेग) भागिले विद्युतभार यावरून. नुसत्या वस्तुमानावरून नाही. ११३ व्या मूलद्रव्याचंच उदाहरण घ्या. जपानमध्ये रिकेन या संशोधन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने बिस्मथ-२०९ वर जस्त-७० चा मारा केला, ऊर्जा सुमारे ३५३ एमईव्ही (अणुकेंद्रकांच्या जगातलं ऊर्जेचं एकक). टार्गेट (ज्यावर मारा होतो ते बिस्मथ) स्थिर, त्यामुळे दोन्ही केंद्रकं एकजीव झाली की जस्ताचा सगळा संवेग नव्या केंद्रकाकडे जातो. म्हणजे आपल्याला हवं ते केंद्रक आणि टार्गेटमधून तसंच पार झालेलं जस्त, दोघांचा संवेग जवळपास सारखाच! वस्तुमान चौपट, पण वेगही चौथा हिस्सा. वस्तुमानाच्या जोरावर चुंबक इथे काहीच वेगळं करू शकत नाही. उरतो फक्त भार.

आणि भाराचीच तर खरी कटकट. टार्गेटच्या पापुद्र्यातून बाहेर पडताना प्रत्येक केंद्रकाला वेगवेगळ्या संख्येने इलेक्ट्रॉन चिकटलेले असतात: कुणाचा भार १५, कुणाचा १८, कुणाचा २०. निर्वातात तो पुढे बदलत नाही, त्यामुळे चुंबकातून ती पंख्यासारखी फाकतात आणि छोट्याशा डिटेक्टरवर त्यातली मोजकीच पोचतात. महिनोन्‌महिने वाट पाहून जन्मलेलं एखादंच केंद्रक असं भिंतीवर जाऊन आपटलं तर?

म्हणून हेलियम. गारिस या मोरितांच्या गटाच्या सेपरेटरमध्ये दाब जेमतेम ८६ पास्कल होता, वातावरणाच्या हजाराव्या भागाहून कमी. एवढ्या विरळ वायूतही केंद्रक धडका घेत इलेक्ट्रॉन सतत घेतं नि सोडतं, आणि भार एका सरासरीभोवती घोटाळत राहतो. शिवाय ही सरासरी साधारण वेगाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेगातला थोडाफार फरकही आपोआप निस्तरला जातो. नव्या केंद्रकाची सरासरी दहा-अकराच्या घरात, वेगवान जस्ताची पंचविशीच्या आसपास. जस्त झपकन वळून बाजूला आदळतं, जड केंद्रकं एकगठ्ठा पुढे जातात. वायूमुळे ती थोडी विखुरतात आणि वस्तुमान नेमकं सांगता येत नाही, इथवर तुमची तक्रार रास्त आहे. पण तो सौदा परवडतो.

(वायू नकोच असेल तर जर्मनीतल्या डार्मस्टाटचा शिप हा सेपरेटर बघा. तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रं मिळून थेट वेगावर चाळणी लावतात आणि भार हिशेबातून गळून पडतो. १०७ ते ११२ ही मूलद्रव्यं तिथेच सापडली.)

तीन अणूंचं म्हणाल तर, सेकंदाला सुमारे २.४ लाख कोटी जस्तकणांच्या माऱ्यातून चाळून घेतल्यावरही थोडा भटका कचरा डिटेक्टरपर्यंत येतोच. निकाल लागतो तो केंद्रक टप्प्याटप्प्याने फुटत जाण्याच्या साखळीवरून. २३ जुलै २००४ ला सिलिकॉनच्या डिटेक्टरमध्ये एक केंद्रक रुतलं, ०.३४४ मिलिसेकंदांनी त्याच जागेवरून ११.६८ एमईव्हीचा अल्फा कण (हेलियमचं केंद्रक) निघाला, मागोमाग आणखी तीन, शेवटी विखंडन, म्हणजे उरलेल्या केंद्रकाचे दोन तुकडे. २०१२ च्या तिसऱ्या केंद्रकाने तर ओळीने सहा अल्फा दिले. योगायोगाने एकाच ठिपक्यावर असा क्रम लागणं जवळपास अशक्य.

‘आपल्याकडे काय आहे?’ असं तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंय. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ त्वरक केंद्रात हिरा आणि हायरा असे दोन सेपरेटर आहेत. हिरा निर्वातात चालतो आणि वस्तुमान-भार गुणोत्तरानुसार केंद्रकं वेगळी करतो. हायराच्या पहिल्या टप्प्यात मात्र वायू भरता येतो, जड केंद्रकांसाठी, वर सांगितलेल्या कारणानेच.