सुखद धक्के कसे पचवावेत

महिन्यातून चार-सहा वेळा विमानात बसणाऱ्या माणसाला त्रासाचं काही वाटत नाही. उशीर, रांगा, गुडघ्यांवर येऊन टेकलेली पुढची सीट, सगळं अंगवळणी पडलेलं असतं. त्याची गाळण उडते ती काही चांगलं घडलं की. तेव्हा काय करायचं हे कुणी शिकवत नाही, म्हणून हा प्रपंच.

समजा, विमान वेळेआधी उतरलं. कॅप्टन ही बातमी अशा आवाजात देतो, की वाटेत खाली उतरून यानेच धक्का मारला असावा. लगेच हुरळून जाऊ नका. वेळापत्रकात हवेतल्या वेळेखेरीज धावपट्टीपाशी रांगेत थांबणं, वर घिरट्या घालणं आणि कंपनीची अब्रू या सगळ्यांसाठी आधीच मिनिटं धरून ठेवलेली असतात. शिवाय 15 मिनिटांच्या आतला उशीर या धंद्यात ‘वेळेवर’ म्हणूनच मोजतात. (गेटवर धापा टाकत पोचलेल्या प्रवाशाने हे गणित मांडून बघू नये. मी बघितलं आहे.) तर तुम्ही 25 मिनिटं आधी उतरता, घरी तसा निरोप धाडता, आणि मग गेट रिकामं नाही म्हणून विमान टॅक्सीवेवर उभं राहतं. किती वेळ, ते विचारू नका. हिशेब चोख असतो.

वारंवार प्रवास केल्याबद्दल एक चकचकीत कार्ड मिळतं. ते दाखवलं की सगळ्यांच्या आधी आत सोडतात. आत म्हणजे बसमध्ये. तुम्ही ऐटीत जाऊन पार पलीकडच्या कोपऱ्यात उभे राहता, मागून पाऊणशे लोक चढतात, आणि विमानापाशी दार उघडतं ते त्यांच्या बाजूचं. मान राखून घ्यायचा असेल तर दाराजवळच्या दांड्याला चिकटून राहा आणि शिव्या खा.

जेवण चवदार लागलं तर मात्र खरंच काळजी करा. केबिनमधला हवेचा दाब 6 ते 8 हजार फुटांच्या डोंगरावर असावा तसा, हवा कोरडी ठक्क, इंजिनाची घरघर अखंड. त्यात नाकाचं आणि जिभेचं फारसं चालत नाही, मीठ-साखर नीट कळत नाही. एवढं असून घास आवडला, म्हणजे तुमचा प्रवास जरा जास्तच होतो आहे.

बॅग पट्ट्यावर पहिलीच आली, तर ती तुमची नाही असं समजून एक फेरी जाऊ द्या. आलीच नाही तरी धीर सोडू नका. 1999 च्या माँट्रियल करारानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात, कंपनीने आपणहून कबुली दिली नाही, तर बॅग ‘हरवली’ असं धरायला 21 दिवस जावे लागतात. तोवर ती नुसती उशिरा येत असते. एकविसाव्या दिवशी दारात उभी राहिली, तर तिला रागावू नका. कुठे कुठे फिरून आलेली असते बिचारी.

पण या सगळ्यांचा राजा म्हणजे मधली सीट रिकामी राहणं. कंपन्या असतात त्याहून जास्त जागा विकतात, त्यामुळे हा योग दुर्मीळ. लोक चढत असतात. तुम्ही आणि खिडकीवाला एकमेकांकडे बघत नाही. एकाच घरावर नजर ठेवून असलेले दोन चोर जसे बघणार नाहीत तसे. रांग आटते. आता दार लावणार, इतक्यात एक घामाघूम गृहस्थ पाठीवर पोतं घेऊन आत शिरतो. वरचे आकडे वाचत, ओठ हलवत येतो. तुमच्या ओळीपाशी थबकतो. बोर्डिंग पास उलटा धरला होता, तो सुलटा करतो. आणि पुढे जातो.

दार लागतं. तरी पुस्तक लगेच मधल्या सीटवर ठेवू नका, आधी कोपर सरकवा. पट्ट्यांचा दिवा विझेपर्यंत माझं पुस्तक, खिडकीवाल्याचं जाकीट आणि दोघांच्या बाटल्या तिथे सुखाने नांदायला लागल्या होत्या. तेवढ्यात मागून तोच पोतंवाला आला. “इथे कुणी आहे का?”

आम्ही दोघेही गाढ झोपलो होतो.